तपासणाऱ्याची खुर्ची

मंडळी, आमच्या बारामती-इंदापूरकडे ‘टेस्टर’ म्हटलं की वायरमनच्या खिशाला अडकवलेला पारदर्शक मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर डोळ्यांसमोर येतो. तारेला टेकवला आणि आतला बारका दिवा लागला की वीज आहे, नाही लागला की नाही. त्याला कुणाची भीड नसते. घरमालकाची कितीही इच्छा असली तरी भारनियमनात तो लागत नाही म्हणजे नाही!

माझ्या पुतण्याची मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. ती काय करते हे नातेवाइकांना समजावून सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. प्रोग्रामर जे लिहितो ते सांगितल्याप्रमाणे चालतं का, आणि न सांगितलेल्या प्रसंगी कसं वागतं, हे ती तपासते. ‘म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार?’ असं एकदा आमच्या वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, वहिनी, मी आयुष्यभर लाल पेन घेऊन दुसरं काय केलं? :-)

पण तिच्या व्यवसायात गेली वीस-पंचवीस वर्षं एक वाद चालू आहे. तो मला फार ओळखीचा वाटला, म्हणून हा लेख. पूर्वी टेस्टरांचा विभाग वेगळा असे. प्रोग्रामर एका मजल्यावर, टेस्टर दुसऱ्या, साहेबही वेगळे. मग ‘अजाइल’ नावाची पद्धत आली. सात-आठ जणांचा चमू, दोन-दोन आठवड्यांच्या मुदती (त्याला ते ‘स्प्रिंट’ म्हणतात), आणि टेस्टर त्याच चमूत, प्रोग्रामरच्या शेजारच्या खुर्चीवर. जुनी मंडळी म्हणतात, टेस्टरचं स्वातंत्र्य गेलं. नवी म्हणतात, भिंत गेली हेच बरं झालं. दोघांचंही म्हणणं ऐकल्यावर मला वाटायला लागलं की भांडण खुर्चीवरून चाललंय, आणि मुद्दा खुर्चीचा नाहीच.

थोडा इतिहास पाहू.

१९५८ साली अमेरिकेनं माणसाला अंतराळात पाठवायचा मर्क्युरी प्रकल्प हाती घेतला. त्यातलं संगणकाचं बरंच काम आयबीएम कंपनीकडे होतं आणि त्यात जेराल्ड वाइनबर्ग हे एक प्रमुख होते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांहून वेगळा, फक्त तपासणाऱ्यांचा गट त्यांनी तिथे उभा केला. या व्यवसायातल्या पहिल्या स्वतंत्र गटांपैकी तो एक मानला जातो. गंमत अशी की त्याच प्रकल्पात अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या टप्प्यांनी काम चाले आणि प्रत्येक टप्प्याआधी चाचण्या लिहून ठेवल्या जात. म्हणजे आज ज्या दोन पद्धती एकमेकींच्या सवती म्हणून दाखवल्या जातात, त्या सुरुवातीला एकाच घरात नांदत होत्या.

पुढे वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रोग्रामरांच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं. आपण लिहिलेला प्रोग्राम माणसाला स्वतःचा अवयव वाटायला लागतो आणि मग त्यातलं व्यंग डोळ्यांना दिसत नाही, असा त्यातला एक विचार. १९७९ साली ग्लेनफर्ड मायर्स यांनी तपासणीवर पुस्तक लिहून नियमच घालून दिला, की ज्यानं लिहिलं त्यानं ते तपासू नये. प्रोग्राम बरोबर आहे हे दाखवायला बसू नका, चूक सापडावी या हेतूनं बसा, हेही त्यांचंच. आम्हा शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. स्वतःच्या निबंधातलं शुद्धलेखन स्वतःला दिसत नाही, शेजारच्या मुलाला चटकन दिसतं.

हा नियम मोडला की काय होतं, याचं या क्षेत्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण थेरॅक-२५ या यंत्राचं आहे. ते जरा सविस्तर सांगतो.

कर्करोगावर किरणोपचार करणारं हे यंत्र कॅनडाच्या एका सरकारी कंपनीनं बनवलं होतं. जुन्या यंत्रांत चुकून जास्त किरण सुटू नयेत म्हणून लोखंडी, विजेची अशी प्रत्यक्ष अडसरं होती. नव्या यंत्रात ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली. ते सॉफ्टवेअर एकाच माणसानं लिहिलेलं होतं आणि बाहेरच्या कुणाकडून त्याची स्वतंत्र तपासणी झालेली नव्हती. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा बसली आणि त्यातले निदान तीन दगावले. सुरुवातीला कंपनीचं उत्तर एकच होतं, की आमच्या यंत्राकडून असं होणं शक्य नाही.

१९८६च्या मार्च-एप्रिलमध्ये टेक्सासमधल्या टायलर या गावच्या रुग्णालयात तीन आठवड्यांत दोन रुग्णांना असा अपघात झाला. तिथले भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर आणि यंत्र चालवणारी बाई, दोघं यंत्रापाशी ठाण मांडून बसले. त्या दिवशी कोणत्या कळा कोणत्या क्रमानं दाबल्या, हे आठवून आठवून पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी उलगडलं ते असं. उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप झाला आणि तो आठ सेकंदांच्या आत झटकन दुरुस्त केला, तर पडद्यावर दुरुस्ती दिसते पण यंत्राच्या आतली मांडणी अर्धवट बदललेली राहते. सवयीनं हात बसलेल्या माणसाच्याच हातून हे होणार! सावकाश टाइप करणाऱ्याला ही चूक कधीच दिसली नसती.

या गोष्टीत मला दोन माणसं महत्त्वाची वाटतात. हेगर यांचा पगार कंपनी देत नव्हती, त्यामुळे ‘शक्य नाही’ हे उत्तर मानण्याचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. आणि ती ऑपरेटर बाई रोज यंत्राशेजारी बसत होती, म्हणून तिच्या बोटांना तो क्रम ठाऊक होता. एकाकडे मोकळीक होती, दुसरीकडे जवळीक. नुसता हेगर असता किंवा नुसती ती बाई असती, तर उलगडा झाला असता असं मला वाटत नाही.

आता अजाइलवाल्यांची बाजू. ती ऐकल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

जुन्या पद्धतीत आधी सगळी आखणी, मग सगळं लिखाण आणि सगळ्यात शेवटी तपासणी असे. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी या क्रमाचं चित्र एका निबंधात काढलं. हे असंच केलं तर धोक्याचं आहे, असं त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं होतं. लोकांनी चित्र घेतलं, इशारा सोडला. (आपल्याकडे गाइड वाचणारी मुलं असंच करतात.) परिणाम असा की आखणी आणि लिखाण लांबत जाई, तारीख मात्र हलत नसे, आणि सगळी ओढाताण शेवटच्या माणसाच्या वाट्याला. तीन महिन्यांची तपासणी तीन आठवड्यांवर येई. शिवाय वर्षापूर्वी झालेली चूक आज सापडे, तोवर तिच्यावर चार मजले चढलेले असत.

शाळेच्या वार्षिक तपासणीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हे चित्र नवं नाही. साहेब येणार म्हणून आठवडाभर आधी सारवण, तक्ते, टाचणवह्या पूर्ण. साहेब येतात, हुशार मुलं पुढच्या बाकावर, शेरेबुकात दोन ओळी, की पुढच्या वर्षापर्यंत सुट्टी. तपासनीस पूर्ण स्वतंत्र, आमच्यापैकी कुणाचा तो मिंधा नाही. पण त्याला दिसलं काय? आम्ही दाखवलं तेवढंच.

या सगळ्याला कंटाळून २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्याआधीच केन्ट बेक यांनी आधी चाचणी लिही, मग प्रोग्राम लिही, असा धडा घालून दिला होता. स्क्रम ही त्यातली सर्वांत पसरलेली पद्धत. तिचं नाव रग्बीच्या खेळातून आलेलं. तिच्या नियमपुस्तिकेत टेस्टर ही भूमिकाच नाही! काम करणारे सगळे ‘डेव्हलपर’, आणि दर्जाची जबाबदारी सगळ्यांची. ऐकायला उत्तम आहे. फक्त ग्रामसभेत ‘ही जबाबदारी सगळ्या गावाची’ असं ठरलेल्या कामाचं पुढे काय होतं, हे आपण पाहत आलोय.

इथे मला माझ्या व्यवसायातलं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना नसेल, पण तपासणारा कुठे बसला की काय होतं याची आकडेवारी आमच्या एस.एस.सी. बोर्डाकडे आहे.

बोर्डाच्या परीक्षेची सगळी घडण अविश्वासावर उभी आहे, आणि हे मी कौतुकानं म्हणतोय. प्रश्नपत्रिका काढणारा वेगळा, वर्गात शिकवणारा वेगळा, उत्तरपत्रिका तपासणारा तिसरा, त्याच्या तपासणीवर नजर ठेवणारा नियामक चौथा. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, बारकोड. यामागे शिक्षक लबाड असतात असं गृहीत धरलेलं नाही. कारण साधं आहे. शिकवताना मला जो भाग नीट कळला नव्हता तो मी नीट शिकवलेला नसतो, आणि पेपर मीच काढला तर तो भाग पेपरातही येत नाही. मुलाला शंभर गुण, मला समाधान, आणि ते भोक तसंच. प्रोग्रामरनं ग्राहकाची गरज चुकीची समजून घेतली असेल, तर तो चाचणीही त्याच चुकीच्या समजुतीवर लिहिणार. चाचणी पास होणार आणि गरज भागणार नाही. ‘आधी चाचणी लिही’ या उत्तम सवयीलाही यातून सुटका नाही.

आता आकडे. दहावीला भाषांसह काही विषयांत २० गुण शाळेच्या हातात असत, तोंडी परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. २०१८ साली राज्याचा निकाल होता ८९.४१ टक्के. २०१९ला ते गुण काढून घेतले आणि निकाल आला ७७.१० टक्के. ओरड झाली, गुण परत दिले, २०२०चा निकाल ९५.३० टक्के. मग करोना. २०२१ला लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल, दहावीचं शाळेतलं मूल्यमापन आणि तोंडी-प्रात्यक्षिक, असं सगळं शाळेच्याच हातातलं धरून निकाल लागला तो ९९.९५ टक्के. (२०१९ला अभ्यासक्रमही नवा होता, आणि २०२१ची परिस्थिती सगळ्या जगावेगळी होती, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे वाचावेत.)

याचा अर्थ शाळांनी गुण वाटले असा सरसकट काढला जातो. मला तो अर्धाच पटतो. जो मुलगा लेखी पेपरात अडखळतो पण तोंडी विचारलं की झकास सांगतो, तो बोर्डाच्या परीक्षकाला कधीच दिसणार नाही. तो त्याच्या बाईंनाच दिसतो. वर्गातल्या शिक्षकाची तपासणी खोटी नसते, वेगळी असते. अडचण फक्त ही, की त्याच शिक्षकाच्या शाळेचा निकाल फलकावर लागणार असतो, तुकडी टिकणार की नाही ते त्यावर ठरणार असतं, आणि पोरगा समोर उभा असतो. या तिन्हींच्या ओझ्याखाली २० पैकी १२ देण्याचं धैर्य किती जणांना होईल? अजाइल चमूतल्या टेस्टरचं दुखणं नेमकं हेच आहे. ती जवळ बसते म्हणून तिला जास्त दिसतं, आणि जवळ बसते म्हणूनच ‘नाही’ म्हणणं जड जातं.

बोर्डालाही हे कळत नाही असं नाही. २०२५च्या परीक्षेआधी केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे नेमायचं ठरलं होतं. विरोध झाल्यावर ते आधी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांपुरतं ठेवलं. असो.

आमच्या भागात दुसरी तपासणी म्हणजे उसाचा काटा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, कुठल्याही कारखान्याच्या सभासदाला विचारा, काटा या विषयावर तो तासभर बोलेल. ऊस शेतकऱ्याचा, काटा कारखान्याचा, आणि वजनावर पैसे. म्हणून वैध मापन खात्याचा निरीक्षक येऊन प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतो, शिक्का मारतो, सील लावतो. हंगामात महसूल, पोलीस, वैध मापनवाले आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी यांची भरारी पथकं अचानक येतात. आधी कळवून येत नाहीत, हे वार्षिक तपासणीपेक्षा बरं. बॉयलरचंही तसंच. अग्निप्रदीपनाचा समारंभ कितीही थाटात करा, बॉयलर निरीक्षकाचा दाखला नसेल तर हंगाम सुरू होत नाही. तो दाखला १९२३च्या कायद्यानं लागायचा, आता २०२५च्या नव्या कायद्यानं लागतो.

टेस्टर वेगळाच पाहिजे म्हणणारे हीच उदाहरणं देतील. पण एक फरक आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. शिक्का मारल्यावर काट्याच्या आत कुणी हात घालायचा नसतो. सील तुटलं की गुन्हा. वर्षातून एकदा तपासून चालतं ते काटा मधल्या काळात बदलत नाही या भरवशावर. सॉफ्टवेअर मात्र दर पंधरवड्याला उघडलं जातं, त्यात नवं घातलं जातं, जुनं काढलं जातं. ज्या काट्याचं सील दर पंधरा दिवसांनी तोडायचंच आहे, त्याला वर्षाचा निरीक्षक काय कामाचा? तिथे कुणीतरी रोज काट्यापाशीच हवा. अजाइलवाल्यांचं म्हणणं या एका जागी अगदी बरोबर आहे, आणि जुन्या वेगळ्या विभागांकडे परत जायचा रस्ता त्यामुळे बंद झालाय.

मग जवळ बसून स्वतंत्र राहता येतं का? येतं. त्याचं उदाहरण मला इंदापूर तालुक्यातच दिसतं.

वालचंदनगरला १९३४ साली साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे यंत्रं बनवण्याचा मोठा उद्योग वाढला. इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरांची आवरणं आणि अणुभट्ट्यांची सामग्री तिथे बनते. अशा प्रकारच्या कामात, मग ते कुठल्याही कारखान्यात असो, काम सुरू होण्याआधीच एक गुणवत्ता आराखडा ठरतो. त्यात काही जागांना ‘होल्ड पॉइंट’ म्हणतात. पत्रा आला, थांबा. वेल्डिंग झालं, थांबा. दाबाची चाचणी, थांबा. प्रत्येक ठिकाणी ग्राहकाचा किंवा तिसऱ्या संस्थेचा निरीक्षक पाहतो, सही करतो, मगच पुढचं काम. हा निरीक्षक दिवसचे दिवस त्याच शेडमध्ये, त्याच वेल्डरांच्या शेजारी उभा असतो. त्यांचा चहा पितो, त्यांची अडचण त्याला कळते. पण माल वेळेत गेला नाही म्हणून कारखाना त्याची पगारवाढ रोखू शकत नाही, आणि त्याची सही नसेल तर कारखान्याला पुढे जाता येत नाही.

सॉफ्टवेअरच्या जगातही हे कुणीतरी लिहून ठेवलंय. १९८६ला चॅलेंजर यान कोसळल्यानंतर नासाच्या सुरक्षा व्यवस्थेची झाडाझडती झाली आणि १९९३ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या फेअरमॉन्ट इथे सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र पडताळणीचं वेगळं केंद्रच सुरू झालं. अशा पडताळणीसाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं १०१२ क्रमांकाचं प्रमाणक आहे. त्यात स्वातंत्र्य तीन प्रकारचं सांगितलंय. पहिलं तांत्रिक, म्हणजे प्रश्न स्वतःच्या डोळ्यांनी समजून घ्यायचा, बनवणाऱ्याच्या सांगण्यावरून नाही. दुसरं व्यवस्थापकीय, म्हणजे काय तपासायचं आणि कुणाला कळवायचं हे बनवणाऱ्याच्या साहेबानं ठरवायचं नाही. तिसरं आर्थिक, म्हणजे तपासणीचा पैसा त्याच्या हातात नको. वाचल्यावर मी पुन्हा एकदा पाहिलं. खुर्ची कुठे मांडायची याचा या तिन्हींत उल्लेख नाही.

तिसऱ्या प्रकाराबद्दल सहकारातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१प्रमाणे संस्थांचं लेखापरीक्षण ही निबंधकांची जबाबदारी होती आणि लेखापरीक्षक वरून येई. ९७वी घटनादुरुस्ती २०१२च्या फेब्रुवारीत लागू झाली, २०१३ला राज्याचा कायदा बदलला, आणि शासनाच्या नामतालिकेतून आपला लेखापरीक्षक निवडायचा अधिकार संस्थेच्या सर्वसाधारण सभेला मिळाला. (ती घटनादुरुस्ती २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं राज्यांतल्या संस्थांपुरती रद्द ठरवली, पण राज्याचा बदललेला कायदा राहिला.) संस्था स्वायत्त व्हाव्यात हा हेतू चांगलाच. पण सर्वसाधारण सभेत ठराव मांडतं कोण? संचालक मंडळ. ज्याचे हिशेब तपासायचे तोच तपासनिसाचं नाव सुचवतो. कायद्यानं यावर उताराही ठेवलाय. नामतालिका शासनाची, अहवाल निबंधकांकडेही जातो, आणि गैरव्यवहार दिसला तर फिर्याद देणं हे लेखापरीक्षकाचंच कर्तव्य. हा उतारा किती चालतो ते माणसागणिक बदलतं.

मोठमोठ्या कंपन्यांनीही हे प्रयोग करून पाहिलेत. मायक्रोसॉफ्टनं २०१४च्या सुमारास वेगळ्या टेस्टरांची संख्या खूप कमी केली आणि तपासणीचं काम प्रोग्रामरांकडे व हौसेनं नवी आवृत्ती वापरून पाहणाऱ्या लोकांकडे बऱ्याच अंशी दिलं. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १०ची एक नवी आवृत्ती आली आणि काही लोकांच्या स्वतःच्या फायलीच पुसल्या गेल्या. वितरण थांबवावं लागलं. पुढे कळलं की अशा तक्रारी वापरून पाहणाऱ्यांपैकी काहींनी आधीच नोंदवल्या होत्या, पण त्या ढिगात दबून गेल्या. मग तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवायची सोय कंपनीनं केली. टेस्टर कमी केले म्हणूनच हे झालं, असं म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. पण चूक दिसली होती, आणि ती पाहणाऱ्याकडे थांबवायचा अधिकार नव्हता, एवढं मात्र उघड आहे.

आता घरातली गोष्ट. आमच्या नातीपुढे सध्या दोन नोकऱ्या आहेत. दोन्ही पुण्यात, दोन्हीकडे अजाइल, पगारात फार फरक नाही. तिनं विचारलं, ‘आबा, तुम्ही कुठली घ्याल?’

मी तिला तिन्ही गोष्टी विचारायला लावल्या. ग्राहकाची गरज तू स्वतः ग्राहकाकडून ऐकणार, की प्रोग्रामर सांगेल ती? दोन्हीकडे उत्तर चांगलं आलं, ती बैठकीत असणार. तू ‘हे सोडू नका’ म्हणालीस आणि साहेब ‘सोडा’ म्हणाले, तर ते कुठे लिहिलं जाईल का? एका ठिकाणी लिहिलं जातं, त्यावर सोडणाऱ्याचं नाव पडतं. दुसरीकडे ‘आमच्यात असे वाद होत नाहीत’ असं हसून सांगितलं. (होत नाहीत म्हणजे काय, हे शिक्षक-पालक सभेला बसलेल्या माणसाला बरोबर कळतं.) आणि तिसरं, तुझा वर्षाचा अहवाल कोण लिहिणार? आमच्या वेळी त्याला गोपनीय अहवाल म्हणत. त्यात ‘समाधानकारक’ आणि ‘चांगला’ या दोन शब्दांच्या मधे माणसाची वर्षं जात. एका कंपनीत तो चमूचा मॅनेजर लिहितो, म्हणजे ज्यानं ग्राहकाला तारीख दिलेली असते तोच. दुसरीकडे ती बसणार चमूतच, पण अहवाल लिहिणार सगळ्या चमूंतल्या टेस्टरांची प्रमुख. ही कल्पना काही त्या कंपनीची स्वतःची नाही. स्पॉटिफाय या गाण्यांच्या कंपनीच्या कामाच्या पद्धतीवर २०१२ साली एक टिपण प्रसिद्ध झालं होतं. त्यात माणूस रोज बसतो एका गटात आणि त्याचा साहेब असतो त्याच्या व्यवसायातला, अशी मांडणी होती. तिच्यावरही पुढे पुष्कळ टीका झाली, पण टेस्टरपुरती मला ती पटते.

दुसऱ्या कंपनीचं ऑफिस घरापासून दीड तासावर आहे, पहिलं वीस मिनिटांवर. तिच्या आईचा कल अर्थातच वीस मिनिटांकडे. मी माझं मत दिलंय, निर्णय तिचा.

हा विषय फक्त पुण्यातल्या मुलांचा राहिलेला नाही, म्हणूनही हे लिहिलं. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीनं उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केलाय. उपग्रहाची चित्रं, जमिनीतले सेन्सर, हवामान, यांवरून पाणी कधी आणि किती द्यायचं याचा सल्ला मोबाइलवर येतो. उद्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी ‘आज पाणी नको’ असा संदेश आला, तर शेतकरी तो मानणार. पाळी चुकली तर पुढची कधी, हे नीरा डाव्या कालव्यावर ज्याची जमीन आहे त्याला विचारा. तो संदेश ज्या सॉफ्टवेअरनं पाठवला, ते सोडण्याआधी कुणीतरी तपासलेलं असणार, आणि त्या तपासणाऱ्यालाही एक साहेब असणार.

आपल्या वाचकांत या व्यवसायातली बरीच मंडळी आहेत, काही भाचे-पुतणेही आहेत. त्यांनी जरूर लिहावं. तुमच्या चमूतल्या टेस्टरनं शेवटचं रिलीज कधी थांबवलं होतं, आणि त्या वर्षी त्याचा अहवाल कुणी लिहिला?